आयत्या वेळी नट बदलला तर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचे दिवस जवळ आले की महाविद्यालयांच्या हॉलमध्ये तालमींची गडबड सुरू होते. प्रयोग आठवड्यावर आलेला असताना मुख्य भूमिकेतला नट डेंग्यूने आडवा होणं, हे त्या पावसाळी दिवसांत नवीन नाही. मग धावपळ सुरू होते आणि नव्या मुलाला सांगितलं जातं, 'तो करायचा तसंच कर.' आम्हा पडद्यामागे काम करणाऱ्यांच्या मते एकांकिका पडते ती इथे. नट गेल्याने ती पडत नाही.

नक्कल करणारा नट समोरच्याचं ऐकत नाही, आधीच्याचा सूर आठवत बसतो. त्यामुळे प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबतो. असे दोनशे क्षण साचले की तासाभराच्या एकांकिकेत तीन-चार मिनिटं वाढतात आणि शेवटचा प्रवेश घाईत गुंडाळावा लागतो. म्हणून बदली झाली त्याच दिवशी संहितेतली चार-पाच मिनिटं कापावीत. आधी लांब स्वगतं, मग दोनदा सांगितलेली माहिती. विनोद मात्र शक्यतो ठेवावेत. सहकलाकारांची लय त्यांवर बेतलेली असते.

बदली कोण, हेही ठरलेलं हवं. रोज वही धरून प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला, म्हणजे विसरलेली वाक्यं सुचवणाऱ्याला, संवाद अर्धे पाठ असतात आणि कोण कुठून येतं हेही माहीत असतं. बाहेरचा नावाजलेला नट आणण्यापेक्षा तो बरा.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी बसून फक्त वाचन करावं, किमान दोनदा. दुसऱ्या दिवशी नव्या नटाला हालचाली न सांगता उभं करावं आणि त्याचे पाय कुठे जातात ते पाहावं. समजा, आधीचा धिप्पाड मुलगा बापाच्या भूमिकेत टेबलावर हात आपटून ओरडायचा आणि नव्याचा आवाज मुळात बारीक आहे. त्याला ओरडायला लावलं तर आवाज चिरकतो आणि प्रेक्षक हसतात. तेच वाक्य त्याने हळू म्हणत मुलीच्या ताटातली पोळी मोडायला घेतली, तर तिला तिथून उठून जाता येत नाही. प्रवेश वेगळा होतो, बऱ्याचदा आधीपेक्षा चांगला. दिग्दर्शकाने ते मान्य करून पुढच्या हालचाली त्यावरून बसवाव्यात.

प्रकाशयोजनेकडे सर्रास दुर्लक्ष होतं. नवा नट वीतभर बुटका असेल तर समोरून पंचेचाळीस अंशांत येणारा स्पॉट त्याच्या कपाळावरून निघून जातो. त्याने साधारण वीतभर मागे उभं राहावं, चेहरा उजळतो. ही नवी जागा रंगमंचावर टेपने खूण करून ठेवावी. संहिता कापल्यावर लाइट्स आणि म्युझिकवाल्यांच्या वहीतले क्यूचे शब्दही, म्हणजे ज्या शब्दांवर प्रकाश वा संगीत बदलायचं ते, बदलावेत. वगळलेल्या वाक्याची वाट पाहत ऑपरेटर बसून राहिला की ब्लॅकआउट होतच नाही.

राहिले सहकलाकार. नव्याचं वाक्य अडलं तर त्याच्या कानात कुजबुजू नये, ते शेवटच्या रांगेतही कळतं. पुढच्या मुद्द्याचा प्रश्न विचारावा: 'म्हणजे तुम्ही घर विकणार?' उत्तर देता देता नट रुळावर येतो. असे पाच-सहा प्रश्न तालमीतच ठरवून ठेवावेत.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तोच मिळत नाही. अनेक ठिकाणी रात्री आठला हॉलला कुलूप लागतं. दिवसभर तास आणि प्रॅक्टिकल्स, म्हणजे हाताशी दोन तास उरतात. किमान प्रयोगाआधीचे आठ दिवस तरी महाविद्यालयांनी हॉल रात्री दहापर्यंत उघडा ठेवावा आणि मुलींना घरी पोहोचवण्याची सोय करावी, ही आपल्या वृत्तपत्रातर्फे प्राचार्यांना कळकळीची विनंती.

आपले,
काही रंगकर्मी, सदाशिव पेठ, पुणे