उत्तर न सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

प्रत्येक मुलाच्या गतीने शिकवायचं म्हणजे ४० मुलांना ४० वेगळ्या कार्यपत्रिका, या धास्तीनेच पुष्कळ शिक्षक या वाटेला जात नाहीत. ती धास्ती तुम्ही घालवलीत, म्हणून हे आभाराचं पत्र.

पाठ एकच, शिरायच्या जागा वेगवेगळ्या, हे तुम्ही अपूर्णांकांवर दाखवलंत. १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिणारा मुलगा अंशात अंश, छेदात छेद मिळवतो. २/६ लिहिणारी मुलगी छेद समान करते, पण अंश तसेच ठेवते. दोघांची चूक ‘बेरीज चुकली’ या एकाच शेऱ्याखाली गेली की संपलंच. पहिल्याला घडीच्या कागदी पट्ट्या हव्यात, दुसरीला सममूल्य अपूर्णांकांचा सराव. म्हणून पाठाआधी तीन प्रश्नांची चिठ्ठी आणि तिच्यावरून गट. घटक संपला की गट मोडायचे, हा तुमचा हट्ट. नाहीतर ‘कच्च्यांचा गट’ वर्षभर चिकटतो.

सोडवलेल्या उदाहरणांच्या शिडीसाठी तर विशेष आभार. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं, दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी, तिसऱ्यात शेवटच्या दोन कोऱ्या, चौथ्यात नुसता प्रश्न. बिघडतं ते मधल्या दोन पायऱ्या गाळल्यामुळे: फळ्यावर एक गणित सोडवायचं आणि लगेच स्वाध्याय द्यायचा. उलट ज्याला येतंच आहे त्याला पहिल्या पायरीवर बसवलं तर तो कंटाळतो. त्याने तिसऱ्या पायरीपासून सुरू करावं.

उत्तरसूची वर्गाच्या कोपऱ्यात उघडी ठेवायची म्हटल्यावर पहिली शंका नकलेची. मुलं नक्कल करतात ती गुणांसाठी, त्यामुळे या कामाला गुणच नाहीत. तीन गणितं झाली की वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने तपासायची. दोन चुकली तर पुढे जायचं नाही, चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधायचं. (शिक्षण-संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासातही नुसत्या शेऱ्यांमुळे मुलांचं काम सुधारलं, सोबत गुण दिले की शेऱ्यांचा तो फायदा उरला नाही.)

अडल्यावर काय करायचं याचा क्रमही ठरलेला: प्रश्न पुन्हा वाच, सोडवलेलं उदाहरण बघ, शेजाऱ्याला विचार, मग बाई. शेजाऱ्याने सांगावं, पण पेन्सिल विचारणाऱ्याच्याच हातात राहावी, हा बारकावा फार मोलाचा. जोड्या दर आठवड्याला बदलायच्या, नाहीतर एकच हुशार मूल सगळ्या वर्गाचं मदतनीस होऊन बसतं आणि त्याचं स्वतःचं शिकणं राहून जातं.

स्वतंत्र कामाचा वेळ पहिल्या आठवड्यात १० मिनिटं, हळूहळू २५. तेवढ्यात रोज पाच मुलांशी प्रत्येकी तीन-चार मिनिटं बोलणं होतं, म्हणजे आठ शाळादिवसांत सगळा वर्ग. आणि विचारायचं ते ‘समजलं का?’ नव्हे, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. ‘कुठे अडलं ते दाखव’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड!

भागाकाराच्या शिडीचा कच्चा खर्डा सोबत जोडला आहे. तिसरी पायरी नीट बसत नाही. कुठे बिघडलंय तेवढी खूण करा. दुरुस्ती सांगू नका. तुम्ही तशीही सांगणार नाहीच.

आपले,
सहकारी शिक्षक