कर की दुसरी शिक्षा?

अमली पदार्थांवर कर बसवणाऱ्या अमेरिकी राज्यांचा कित्ता गिरवावा, असे सुचवणारा लेख आपल्या अंकात वाचला. ही सूचना पटत नाही. नॉर्थ कॅरोलायनात १९९० पासून गांजा, कोकेन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त बाळगणाऱ्याने महसूल खात्याचे मुद्रांक विकत घेऊन मालावर चिकटवावेत, असा कायदा आहे. ते स्वखुशीने घेणारे बहुधा तिकीट-संग्राहकच असावेत! प्रत्यक्षात करआकारणी होते ती माणूस पकडला गेल्यावर, आणि वसुलीतले ७५ टक्के तपास करणाऱ्या पोलीस यंत्रणेकडे जातात. पकडणाऱ्यालाच वाटा, हे मला सर्वाधिक खटकते. मोंटानात तर काही मालावरचा कर बाजारभावाच्या आठपटींहून अधिक होता. फौजदारी शिक्षा झाल्यावर पुन्हा असा कर लावणे म्हणजे एकाच गुन्ह्याची दुसरी शिक्षा, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. दंड करायचाच असेल, तर तो फौजदारी न्यायालयाने पुरावे तपासून करावा. कराच्या नोटिशीत आकारणी बरोबरच धरली जाते; ती चुकीची असल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच पडतो.

– एक वाचक, सातारा