इलेक्ट्रिक हॉट रॉड : मनाई नको, तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाडीचे इंजिन उतरवून तिथे विजेची मोटर बसवणाऱ्या अमेरिकी हॉट रॉड (जुन्या गाडीत अधिक ताकदीचे यंत्र बसवून बनवलेली वेगवान गाडी) कारागिरांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडीने वाचला. मात्र लेखाचा सगळा भर मोटरच्या ताकदीवर आणि गाडीच्या रंगरूपावर होता. अशी गाडी बांधणाऱ्याचा खरा कस लागतो तो बॅटरीपाशी, आणि तिची बोळवण एका वाक्यात झाली. आपल्याकडील नियमांचा घोळही नेमका याच जागी आहे, म्हणून हे पत्र.

फोर्डने १९३२ साली सामान्यांच्या गाडीत ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन दिले. अशा जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन, त्यांचे मडगार्ड काढून, कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवणाऱ्या तरुणांनी हा छंद वाढवला. हाताशी येईल ते अधिक जोरकस यंत्र जुन्या सांगाड्यात बसवायचे, हीच त्यांची रीत होती. तेव्हा मोटर आली म्हणजे हॉट रॉड बाटला, ही ओरड मला पटत नाही. (इंजिनाच्या आवाजाची चुटपुट मलाही लागते, तो भाग वेगळा.)

मोटर मिळवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. फोर्डने २०२१ मध्ये २८१ अश्वशक्तीची आणि अवघ्या ९३ किलो वजनाची सुटी मोटर ३,९०० डॉलरला विक्रीस ठेवली, पण तिच्यासोबत बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलून देणारा इन्व्हर्टर नव्हता आणि बॅटरीही नव्हती. त्याआधी २०२० मध्ये शेवरोलेने १९७७ च्या ब्लेझरमधील १७५ अश्वशक्तीचे इंजिन काढून आपल्या बोल्ट या गाडीची २०० अश्वशक्तीची मोटर बसवून दाखवली. त्या मोटरला वीज पुरवणारा ६० किलोवॅट-तासांचा, ४०० व्होल्टचा बॅटरी संच सामानाच्या जागेत ठेवावा लागला. बोल्टमध्ये या संचाचे वजन सुमारे ४३५ किलो भरते, आणि १९३२ ची फोर्ड रोडस्टर अख्खी मिळून साधारण एक टनाची. एवढा भार मागच्या बाजूस आला की स्प्रिंगा, ब्रेक आणि चासीची मजबुती या सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, कारण नव्वद वर्षांपूर्वीची चासी या वजनासाठी घडवलेलीच नव्हती.

वजन निदान काट्यावर दिसते. विजेचे तसे नाही. इन्व्हर्टरच्या आत वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना बॅटरी थेट जोडली, तर क्षणभरात इतका प्रवाह वाहतो की कॉन्टॅक्टरचे, म्हणजे बॅटरीचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचचे, तोंड वितळून चिकटू शकते, आणि मग चावी बंद केली तरी मोटरकडचा पुरवठा तुटत नाही. म्हणून आधी प्रवाह आवरून धरणाऱ्या एका रेझिस्टरमधून कपॅसिटर हळूहळू भरू द्यायचे आणि दोन्हीकडचा विद्युतदाब (व्होल्टेज) जवळजवळ सारखा झाल्यावरच मुख्य कॉन्टॅक्टर जोडायचा, अशी व्यवस्था करावी लागते. ही व्यवस्था आहे की नाही, हे बाहेरून गाडीकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारा कपलर आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कसबी लेथवाला चोख करून देईल, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ४०० व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह ही निराळीच विद्या आहे आणि तिथे अंदाजपंचे काम चालत नाही.

आता आपल्या नियमांकडे येऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आर.सी. बुकातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. त्याच कलमात बॅटरीवर चालवण्यासाठी रूपांतर संच बसवण्याची सवलत आहे, पण तो संच चाचणी संस्थेकडून प्रमाणित झालेला हवा आणि त्या प्रकारच्या गाडीसाठी मंजूर असलेला हवा. शेकडो सारख्या गाड्यांना एकच संच विकणाऱ्या कंपनीसाठी ही पद्धत योग्यच आहे. मात्र आयुष्यात एकच गाडी बांधणाऱ्या हौशी माणसाला तो खर्च आणि तो खटाटोप झेपणारा नाही. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी म्हटले, तर २०२१ च्या नियमांनुसार तिचे इंजिन, चासी आणि बॉडी मूळ स्वरूपात राखावी लागते. ती अट मला रास्त वाटते, कारण जपणूक आणि नवी बांधणी ही दोन वेगळी कामे आहेत. पण त्यामुळे नव्या बांधणीला कुठेच जागा उरत नाही, हेही खरे.

ऑस्ट्रेलियात विद्युत रूपांतरासाठी राष्ट्रीय मार्गदर्शिका आहे आणि मान्यताप्राप्त अभियंता त्या एका गाडीची तपासणी करून दाखला देतो. ब्रिटनमध्येही एकेका वाहनाला स्वतंत्र मान्यता देण्याची योजना आहे. आपल्याकडे पुण्यात ‘एआरएआय’सारखी वाहनांच्या चाचण्या घेणारी जाणकार संस्था असताना असे का होऊ नये? ई-बाहासारख्या स्पर्धांसाठी आपली अभियांत्रिकीची मुले विजेवर चालणारी गाडी स्वतः बांधतात आणि स्पर्धेआधी परीक्षकांच्या कडक तांत्रिक तपासणीला सामोरी जातात, म्हणजे तपासणीची शिस्त आपल्याला अपरिचित आहे असेही नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एकट्या गाडीसाठी तपासणीची तरतूद करावी आणि राज्याच्या परिवहन विभागाने तिचा पाठपुरावा करावा, अशी माझी विनंती आहे. दोन्ही आसांवरचे वजन, ब्रेकची चाचणी, विद्युतरोधाचे (वीज सांगाड्यात झिरपत नाही ना, याचे) मापन, बॅटरीच्या पेटीची बांधणी आणि अपघातात अग्निशमन जवानाच्या हाताला सहज सापडेल असा पुरवठा तोडण्याचा खटका, एवढे पाहून गाडी कसोटीस उतरली तर तशी नोंद आर.सी. बुकात व्हावी, आणि नापास झाली तर ती रस्त्यावर येऊ नये. तपासणीचे शुल्क अर्थातच मालकाकडून पुरेपूर वसूल करावे. हौस त्याची आहे, सरकारी तिजोरीची नाही.

आपला नम्र,
एक यंत्र अभियंता, कोल्हापूर