लँडलाइन परत घेतेय

ती. आई-बाबांना सा. न.

रागावू नका, पण घरी लँडलाइन परत घेतेय. पैसे भरले, माणूस मंगळवारी येईल. फोन माजघरात, झोपाळ्याशेजारी लावायला सांगितलाय, म्हणजे आईला बसून निवांत बोलता येईल. "कशाला नसता खर्च" हे मला इथे ठाण्यात ऐकू आलं, बाबा. तरीही.

घाबरवत नाहीये. मोबाइलने अपाय होतोच असं सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली मोबाइलच्या रेडिओ लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातल्या. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, म्हणून आई, परसातली कोरफड उपटून टाकू नकोस! पण अंतर ठेवायला काही पडत नाही, आणि अण्णांच्या वेळेपासून माझं मन असंच आहे, तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडे रेंजची एकच दांडी, तीही विहिरीपाशी. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो, खाडीपलीकडच्या तरीवाल्याला हाक मारावी तसा. आणि आई नेमकी तिथेच तासभर तो कानाला लावून मावशीशी बोलते. खरं सांगू? लहरींपेक्षा मला तिथल्या चिऱ्यांवरच्या शेवाळाची धास्ती जास्त आहे. पाऊस तोंडावर आलाय.

बाबा, पेसमेकर डावीकडे आहे आणि फोनही डाव्याच खिशात. डॉक्टरांनी निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितलं होतं ना? त्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या, तुम्ही बाजारातून आलात की मी आधी तिथेच हात घालायची. आता तिथे चष्मा ठेवा. फोन पिशवीत, आणि बोलताना उजव्या कानाला. आई, तू उशीखाली फोन घेऊन झोपायचं नाही, गजराचं घड्याळ पाठवतेय. लांबलचक बोलणं असलं की स्पीकरवर नाहीतर वायरच्या इयरफोनने. मावशीची गुपितं बाबांना तशीही पाठ आहेत.

फोनला चिकटवायचे 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर विकायला कोणी आला तर दारातूनच परत पाठवा. आणि टॉवर हटवा म्हणून वाडीतल्या अर्जावर सही करू नका, तो लांब गेला तर फोनला आणखीच जोर लावावा लागेल.

तुम्ही इतकी वर्षं सगळं नीट सांभाळलंत, हे शिकवणं नव्हे. मला इथे झोप लागावी म्हणून एवढं कराच.

मंगळवारी माणसाला चहा द्या, पैसे देऊ नका.

तुमची,
बबी