मंगळवार पाहिलात, बुधवारही पाहा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ‘होती’ असे अजून लिहीत नाही, कारण तिची बिनपगारी रजा अद्याप संपलेली नाही. 2021 च्या उन्हाळ्यात तिला करोना झाला, ताप उतरला, अहवाल निगेटिव्ह आला, आणि त्यानंतर ती पहिल्यासारखी कधी उभी राहिलीच नाही. पुष्कळ दवाखाने पालथे घातल्यावर निदान झाले: मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम. गेल्या आठवड्यात वैद्यकीय मंडळाने तिचा दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज फेटाळला. शेरा असा आहे: ‘रुग्ण स्वतः चालत आली. अपंगत्व आढळले नाही.’

होय, ती चालत आली. त्या मंगळवारसाठी ती आधी कित्येक दिवस अंथरुणात पडून शक्ती साठवत होती, हे मंडळाला कुणी सांगायचे? अर्जावरची सहीसुद्धा तिने दोन हप्त्यांत केली होती, सकाळी नाव आणि दुपारी आडनाव. केसपेपरची रांग झाली, बंद लिफ्टसमोरून दोन जिने झाले, मग डॉक्टरांनी बोटे दाबायला सांगितली, सरळ रेषेत चालायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. तिने सगळे केले. मास्तरीण आहे, परीक्षेत नापास व्हायची सवय नाही. मंडळाने तिचा मंगळवार पाहिला. बुधवारी संध्याकाळपासून तिला उशीवरून मान उचलता येईना. वरणाचे पाणी मी नळीने पाजत होतो, खिडकीवर सोलापुरी चादर टाकली होती, कुकरची शिट्टी सोसवत नाही म्हणून शेगडी बाहेर गॅलरीत मांडली होती. बोलणे बंद, एक बोट दाखवले की पाणी, दोन बोटे दाखवली की बाथरूम.

साहेब, श्रमानंतरची ही घसरण हेच या आजाराचे मुख्य लक्षण आहे. ती बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी उमटते आणि दिवस, आठवडे, कधी महिने टिकते. अमेरिकेतील वैद्यकीय अकादमीने 2015 च्या अहवालात निदानाच्या कसोट्यांमध्ये हे लक्षण अनिवार्य ठरवले. जागतिक आरोग्य संघटना 1969 पासून हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत नोंदवते. आपले मंडळ मात्र अजून ‘टेन्शन घेऊ नका, थोडे बाहेर पडत जा’ येथेच अडले आहे. असाच सल्ला पूर्वी एका तज्ज्ञांनीही दिला होता, रोज पाच मिनिटे चालणे वाढवा म्हणून. तिने तो प्रामाणिकपणे पाळला आणि स्वयंपाकघरापर्यंत जाणारी बाई पलंगाला खिळली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने या रुग्णांचा व्यायाम ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याची शिफारस ऑक्टोबर 2021 मध्ये मागे घेतली. ती बातमी आमच्या जिल्ह्यापर्यंत यायला आणखी किती वर्षे लागतील, हे आपणच सांगावे.

किती रुग्ण आहेत, असे आपले अधिकारी विचारतील. त्याच अमेरिकी अहवालात तिकडचा अंदाज 8 लाख 36 हजार ते 25 लाख असा दिला आहे. त्यातला लहान आकडा धरून तेच प्रमाण 2011 च्या जनगणनेतील आपल्या सव्वाअकरा कोटींना लावले, तर राज्यात अडीच-तीन लाख रुग्ण निघतात. गणित कच्चे आहे, मान्य. पक्के करायची यंत्रणा आपल्याकडे आहे, माझ्याकडे नाही. निम्मे खोडा, तरी एका शहराएवढी माणसे उरतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ‘आळशी’ हे निदान घरातच मिळालेले असते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्याच्या अनुसूचीत मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन विकारांची मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही दोन उदाहरणे दिली आहेत. मंडळाच्या लेखी मात्र ती दोन उदाहरणे हीच संपूर्ण यादी झाली. प्रमाणपत्र नाही म्हणून कलम 20 चे संरक्षण नाही, ते नाही म्हणून उद्या नोकरीही नाही. वर दाद मागितली, तर ‘विषय केंद्राच्या अखत्यारीतील आहे’ असे उत्तर आले आणि त्याच दिवशी मोबाईलवर तक्रार निकाली निघाल्याचा संदेशही आला. एवढी तत्परता मी शासनात प्रथमच पाहिली.

धडधाकट माणसे बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या आणि बदल्या पदरात पाडून घेतात, हे सगळा महाराष्ट्र वर्तमानपत्रांत वाचतो. त्यांना कागद जमतो म्हणून ते दिव्यांग. हिला एक दिवस चालणे जमले म्हणून ही धडधाकट. आजार सोंग नाही हे सिद्ध करण्यासाठी आजाऱ्याने आणखी आजारी पडायचे, हा नियम कोणत्या शासन निर्णयात आहे? राज्यांनी 2020 पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते. आपले संपन्न राज्य त्याच्या बरेच मागे राहिले. मग दोन डॉक्टरांपुढे शंभर अर्ज येतात, एकेकाला पाच मिनिटे मिळतात, आणि त्या पाच मिनिटांत जे दिसत नाही ते अस्तित्वातच नसते.

मागणे मोठे नाही. या आजाराची ओळख मंडळांच्या प्रशिक्षणात आणावी, अनुसूचीत त्याचा स्पष्ट उल्लेख व्हावा म्हणून राज्याने केंद्राकडे शिफारस करावी, आणि अंथरुणाला खिळलेल्यांची तपासणी त्यांच्या घरी व्हावी. ‘शासन आपल्या दारी’चे मंडप 2023 मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत पडले होते, आमचे दार अजून तिथेच आहे.

फेरतपासणीसाठी आम्हांला पुन्हा त्याच दुसऱ्या मजल्यावर बोलावले आहे. आम्ही येणार नाही. मंडळाने आमच्याकडे यावे, तिला हवे तेवढे चालवून पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. दुसऱ्या फेरीचा प्रवासभत्ता नियमात बसत नसेल, तर रिक्षाचे भाडे मी देईन.

आपला,
एका शिक्षिकेचा पती