लॅपटॉप विकला नाही, बाबा

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत, "विकला का?" आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. म्हणून आज लिहायलाच बसले. तुमचा लॅपटॉप विकलेला नाही. त्यात नवी बॅटरी घातली आहे, पुढच्या आठवड्यात दादा येईल तेव्हा सोबत आणेल. तुम्हाला न विचारता ठरवलं म्हणून रागवा, पण आधी सगळं वाचा. आणि आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका, तिचंही आहे यात.

आधी एक सांगायचंय. गेले कित्येक महिने तुम्ही व्हिडिओ कॉलवर म्हणत होतात, "हे टचपॅड दबत नाही गं." आणि मी कामाच्या घाईत म्हणायचे, "जरा जोरात दाबा, बाबा." तुम्ही दाबत राहिलात. मी आले त्या रात्री तुम्ही दोघं झोपल्यावर बॅटरीचा रिपोर्ट काढला. मूळ क्षमता 48,000 मिलिवॅट-तास (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), आणि आता पूर्ण चार्ज होऊनही 17,900. म्हणजे जेमतेम 37 टक्के. बॅटरी थकलीय, एवढंच मला वाटलं. सकाळी लॅपटॉप टेबलावर ठेवला तर तो डुगडुगला, झाकणही एका कोपऱ्यात मिटेना. पोटात धस्स झालं. टचपॅडच्या बरोबर खाली बॅटरी असते. ती खराब होताना आतलं रसायन विघटित होऊन वायू साठतो, बॅटरी उशीसारखी फुगते आणि टचपॅडला खालून रेटते. अशा बॅटरीवर दाब देऊच नये. ती चेपली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. आणि मी तुम्हाला जोरात दाबायला सांगत होते.

"फोटो भरून आणते" म्हणून मी तो त्याच सकाळी उचलला, ते खोटं होतं. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं. लॅपटॉप बंद करून, चार्जर न लावता दुकानात नेला, बॅटरी तिथेच काढायला लावली आणि ती कचऱ्याच्या डब्यात न जाता ई-कचऱ्यात जाईल हे बघूनच निघाले. बॅटरीशिवायच तो माझ्याबरोबर आला.

आता तुम्ही मनात म्हणाल, मीच नीट वापरला नाही. असं अजिबात म्हणू नका. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी वयाने झिजते. रोज वापरली की साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर तिची ताकद उतरायला लागते, काही चांगल्या बॅटऱ्या 1000 पर्यंत जातात. तुमच्या लॅपटॉपला सहा वर्षं झाली. हां, दोन गोष्टींनी ती लवकर म्हातारी होते. दिवसरात्र 100 टक्क्यांवर प्लगला लावून ठेवणं आणि गरम होणं. तो तुमच्या गोधडीवर असायचा, खालची हवेची जाळी झाकलेली. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? विकत आणून तुमच्यापुढे ठेवला मी, सांगायचंही मीच होतं.

बाबा, तुम्ही टॉर्चचे सेल उन्हात ठेवायचात, आठवतं? मी शेजारी बसून राखण करायचे, कावळ्याने नेले तर म्हणून. संध्याकाळी सेल घालून बटण दाबायचं, उजेड पडला की तुम्ही माझ्याकडे असं बघायचात की जणू मीच तो पाडला. त्या सेलना ऊब मानवायची. या बॅटरीचं उलटं आहे, हिला ऊन नकोच. लॅपटॉपची खिडकीतली जागा बदलावी लागेल.

विकायचं मी खरंच बघितलं. दादाचं तेच म्हणणं होतं आणि ते चुकीचंही नव्हतं, जुन्यात पैसे घालण्यापेक्षा त्यात थोडी भर घालून नवा घ्यावा. पण बॅटरी मेलेल्या लॅपटॉपची किंमत घेणारा आधीच पाडतो. आणि बाकीचा लॅपटॉप ठणठणीत आहे, बाबा. स्क्रीन स्वच्छ, बिजागऱ्या घट्ट, आत एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची वेगवान डिस्क. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे विंडोज 11 चालत नसतं तर मीही दादाचंच ऐकलं असतं. तुमच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, इंटेलमध्ये साधारण तिथूनच विंडोज 11 अधिकृतपणे चालतं. एक पिढी जुना असता तर हे पत्र वेगळं झालं असतं. शिवाय या मॉडेलमध्ये बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे, चिकटवलेली नाही, त्यामुळे बदलायला अर्धा तासही लागला नाही. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवून, कंपनीचीच घेतली, आणि बनवल्याची तारीख बघून घेतली. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेली "नवी" बॅटरीही आतून म्हातारीच असते.

आणि त्यात तुमचं सगळं आहे. बँकेचे कागद, आईचे रिपोर्ट, काकांची पत्रं स्कॅन केलेली. विकायचा असता तर नुसतं डिलीट करून भागत नाही, डिलीट केलेलं परत काढता येतं. सगळं नीट पुसून मगच द्यावा लागला असता. करता आलं असतं ते. माझा हात झाला नाही.

पण खरं कारण आईचा गुडघा आहे.

आई, तू म्हणालीस "काही लागलं नाही, नुसता तोल गेला." बॅटरी फार वेळ टिकेना म्हणून बाबा चार्जर लावूनच बसायचे, आणि ती वायर पलंगापासून दारापर्यंत आडवी. तू रात्री उठलीस आणि तिच्यात पाय अडकला. हे मला दादाकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. नव्या बॅटरीवर लॅपटॉप साडेचार तास चालला, मी दोनदा लावून बघितलं. बाबांना दिवसभरात एवढं पुरेल. वायर आता जमिनीवर दिसायला नको.

बाबा, "या वयात माझ्यावर कशाला खर्च" हे तुमचं वाक्य मला आवडत नाही. नव्याच्या मानाने हा खर्च फारच थोडका झाला. आणि ज्या संशोधनातून ही बॅटरी आली त्याचं नोबेल 2019 मध्ये तिघांना मिळालं, त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. तुम्ही 74 चे आहात. काकांची पत्रं टाइप करायची अर्धी राहिलीत, ती पुरी करा. मला वाचायची आहेत.

आता नीट ऐका, दोघंही. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबेल असं मी सेट केलंय, 100 का होत नाही म्हणून ते बदलू नका. 20 च्या आसपास आलं की लावा, झालं की काढा आणि वायर गुंडाळून खणात. गोधडीवर नाही, मांडीवर घ्यायचा तर खाली ती जुनी लाकडी फळी. दादाकडे राहायला जाल तेव्हा निम्मा चार्ज ठेवून बंद करून जा. आणि टचपॅड पुन्हा कडक झालं, झाकण मिटेना, तर दाबायचं नाही. बंद करायचा, प्लग काढायचा आणि मला फोन. मी मीटिंगमध्ये असले तरी. उचलेन मी.

आई, गुडघ्याला पट्टा लाव, नुसता कपाटात ठेवू नकोस. रात्री उठताना दिवा लाव, बाबांची झोप मोडली तर मोडू दे.

तुमची,
मनू

ता. क. दुकानातला मुलगा म्हणाला, कीबोर्डवरची मराठी स्टिकर्स निघत आलीत, नवी लावून देऊ का. मी नको म्हटलं. आईने नेलपॉलिशने काढलेला ळ आहे तसाच आहे.