नाटक काल झालं हे आज कळून काय उपयोग?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतो. मी छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटजवळ एका कापड दुकानात हिशोबाचं काम बघतो, पंचवीसेक वर्षं झाली, त्यामुळं गुलमंडी, औरंगपुरा, निराला बाजार हा सगळा भाग रोजच्या पायाखालचा. तरीबी या दिवाळीत जे झालं ते मनातून जाईना म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय पण छापा ही विनंती.

जिंतूरहून माझी बहीण, दाजी आणि त्यांची दोन पोरं चार दिवसांसाठी आली होती. सोमवारी वेरूळ केलं, येताना दौलताबाद केलं, पोरं पार वरपर्यंत चढून आली. मंगळवारी वेरूळच्या लेण्या बंद असतात आणि सोमवारी अजिंठा बंद असतो, हे आपल्याला माहीत असतं पण बाहेरचे लोक गेटवर जाऊन परत येतात, असो. म्हणून मंगळवार आम्ही शहरासाठी ठेवला. सकाळी बीबी का मकबरा, तिथून पाणचक्की. पाणचक्कीवर पोरांना लई मजा वाटली, डोंगराकडून मातीच्या पाइपातून जमिनीखालून पाणी आणलंय आणि त्या पाण्याच्या जोरावर दळण व्हायचं, ते पीठ फकिरांच्या, वाटसरूंच्या जेवणाला जायचं, हे ऐकून भाचा हौदाजवळून हलायलाच तयार नव्हता. पण एवढं करून दुपारचे दोन वाजले आणि आमचं शहर बघून संपलं. रिक्षावाला म्हणाला, अब क्या देखना है, मॉल चले जाओ.

माझी भाची नववीत आहे, शाळेच्या नाटकात काम करते, तालुक्याला बक्षीस पण घेतलंय तिनं. ती म्हणाली, "मामा, एवढं मोठं शहर हाय, आज संध्याकाळी नाटक असंलच की कुठंतरी. मला खरं नाटक बघायचंय, मोबाइलवरचं नको." मी लगेच हो म्हणालो. का नाही म्हणणार सांगा, निराला बाजारात तापडिया नाट्य मंदिर आहे, उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे, सिडकोत एन-५ ला संत तुकाराम नाट्यगृह, एमजीएम या शिक्षणसंस्थेत रुक्मिणी सभागृह, एवढं सगळं असताना पोरीला नाही कसं म्हणायचं.

आणि मग आमची शोधाशोध सुरू झाली. मोबाइलवर तिकिटाच्या अ‍ॅपमध्ये फक्त सिनेमे. पेपर उलटापालटा केला, त्यात उद्घाटनं, सत्कार, सेलच्या जाहिराती. ओळखीच्या दोघातिघांना फोन केले, एक म्हणाला व्हॉट्सअ‍ॅपला काहीतरी आलं होतं बघ, पण डिलीट झालं. शेवटी म्हटलं चला, जाऊनच बघू. एका नाट्यगृहावर गेलो, नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही एका नाट्यगृहाची गोष्ट नाही. गेट अर्धं लावलेलं, बाजूला नाटकाचा बोर्ड, बोर्डावर मोठे कलाकार, पोरीचा चेहरा खुलला. वॉचमन खुर्चीवरूनच म्हणाला, "वो तो कल हो गया भाऊ." तारीख बघितली तर खरंच कालची. म्हणजे आम्ही सोमवारी रात्री घरी टीव्ही लावून बसलो होतो तेव्हा आमच्याच शहरात ते नाटक चालू होतं. भाची काही बोलली नाही, बोर्डाचा फोटो काढला आणि चालायला लागली. मला ते लागलं साहेब.

परत येताना पायीच आलो, औरंगपुऱ्यातून. स. भु. म्हणजे सरस्वती भुवन संस्थेच्या आवारात गोविंदभाई श्रॉफ ललित कला अकादमी आहे, तिकडून तबल्याचा आवाज येत होता, पोरं शिकत असावीत, एकच तुकडा परत परत. दाजी थांबले. दाजी गावात भजनात पखवाज वाजवतात, हे मला माहीत होतं पण त्यांना असं रस्त्यात उभं राहून बोटांनी मांडीवर ठेका धरताना मी पहिल्यांदा बघितलं. दहा मिनिटं आम्ही तसेच उभे. चार दिवसांत दाजी स्वतःहून थांबले ते याच जागी.

त्याच्यापुढं गल्लीत एका शाळेच्या हॉलमधून मोठ्यानं बोलायचा आवाज आला, भाचीनं खिडकीतून डोकावलं तर आत तालीम चालू होती. फरशीवर खडूनं रेघा मारलेल्या, एका रेघेजवळ ‘दार’ लिहिलेलं, दुसरीजवळ ‘खिडकी’, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या जोडून पलंग केलेला. एक पोरगा सारखा चुकीच्या रेघेवरून आत यायचा आणि दिग्दर्शन करणारी मुलगी म्हणायची, "अरे भिंतीतून आलास, परत जा." कोपऱ्यात एक जण वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसलेला. आम्हाला बघून त्यांनी आत बोलावलं, सतरंजीवर बसवलं, चहा पाजला. राज्य नाट्य स्पर्धेची तयारी चालली होती. तो भिंतीतून येणारा पोरगा वाळूजला कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्ट करून येतो आणि रात्री दहापर्यंत तालीम करतो, कुणी एक रुपया देत नाही उलट सेटसाठी यांनीच वर्गणी काढलेली. भाचीनं त्यांना इतके प्रश्न विचारले की बहिणीला तिला ओढून आणावं लागलं. घरी आल्यावर तिनं हॉलमध्ये खडूनं रेघा मारल्या आणि भावाला दारातून आत यायला शिकवलं.

त्यांचा प्रयोग नंतर तीनेक आठवड्यांनी होता, तोपर्यंत पाहुणे गेलेले. मी गेलो. तिकीट अगदी नाममात्र. पुढच्या तीन रांगा भरल्या होत्या, त्यातबी निम्मे कलाकारांच्या घरचे. पोरांनी जीव तोडून काम केलं, तो पोरगा बरोबर दारातून आला. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, चांगला मोठा, खाली चार ओळी. दुकानात तीन जण मला म्हणाले, अरे हे आपल्या इथं होतं का, माहीत असतं तर आलो असतो.

माझं म्हणणं सगळं याच्यात आलं. आपले पेपर झालेल्या कार्यक्रमाचा फोटो छापतात, होणाऱ्या कार्यक्रमाची वेळ छापत नाहीत. आदल्या दिवशी दोन ओळी आल्या असत्या, अमुक नाटक, अमुक ठिकाण, एवढे वाजता, तिकीट एवढं, तर त्या तीन रांगांच्या दहा झाल्या असत्या. पूर्वी पेपरात ‘आजचे कार्यक्रम’ म्हणून छोटा चौकोन असायचा, वडील चहा पिताना आधी तोच वाचायचे आणि आईला सांगायचे, आज कीर्तन आहे चल. तो चौकोन पहिल्या पानावर नको, कुठंबी द्या, पण रोज द्या आणि ठरलेल्या जागी द्या.

कुणी म्हणेल आपल्या शहरात रोज छापायला आहे काय. मला याचा राग येतो. ज्या देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, आम्ही सोमवारी चढलो तिथं यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात शारंगदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आजबी देशभरातले गाणारे त्याचं नाव घेतात, आणि त्याच्याच नावानं एमजीएमच्या महागामी या नृत्य शिकवणाऱ्या गुरुकुलात जानेवारीत शारंगदेव समारोह होतो, कथक, ओडिसी, ध्रुपद. उर्दू शायरीच्या इतिहासात ज्यांच्यापासून सुरुवात करतात ते वली आणि सिराज दोघांच्या नावापुढं आपल्या शहराच्या जुन्या नावावरनं ‘औरंगाबादी’ लागतं. ज्या जिगीषा या नाट्यसंस्थेची मंडळी पुढं मुंबईत जाऊन मोठी झाली, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, त्यांनी सुरुवात इथंच केली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून तर आजबी पोरं घडतायत. सन्मित्र कॉलनीत मराठवाडा साहित्य परिषदेचं नांदापूरकर सभागृह आहे, तिथं पुस्तकांचे कार्यक्रम होतात, फुकट असतात, कुणीबी जाऊन बसावं, पण बाहेरच्या माणसाला वाटतं आपल्याला आत घेतील का नाही. किलेअर्कमध्ये चित्रकलेचं सरकारी कॉलेज आहे, तिथली पोरं वही घेऊन शहराच्या जुन्या दरवाजांची स्केचेस काढत बसलेली असतात, त्यांची प्रदर्शनं कधी लागतात तेबी कळत नाही. सोनेरी महालात पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, वेरूळ-अजिंठा महोत्सव तिथंच भरतो, महोत्सवाचे तीन दिवस लोकांची ही गर्दी आणि बाकी वर्षभर म्युझियममध्ये आपण एकटेच. विद्यापीठातलं इतिहास म्युझियम तर माझ्या ओळखीतल्या कुणीच बघितलेलं नाही, तेर, पैठण इकडं खोदकामात सापडलेल्या वस्तू आहेत तिथं, आपल्याच मातीतल्या.

आणि जुन्या शहरातलं तर सगळं चालत चालत होतं, हे मला त्या मंगळवारी नव्यानं कळलं. पैठण गेटवरून गुलमंडी, गुलमंडीवर सुपारी हनुमानाला हात जोडायचे, इम्रती खायची, पुढं औरंगपुरा, तिथून निराला बाजार, पोरांना घेऊन रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासाचा रस्ता. भडकल गेट जरा लांब पडतं पण ते दाखवाच, मलिक अंबरानं १६१२ साली बांधलेलं, म्हणजे खडकी, आपलंच हे शहर, वसवली त्याच्या दोनच वर्षांनी. रिक्षावाल्याला मी दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंय की इथं बघण्यासारखं, ऐकण्यासारखं काय काय आहे.

यात अजून एक गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडं फक्त फिरायला आलेले लोक येत नाहीत. आठ जिल्ह्यांतून माणूस इथं घाटीत, सरकारी दवाखान्यात, पेशंट घेऊन येतो, हायकोर्टाच्या खंडपीठात तारखेला येतो, पोरं परीक्षेला येतात. दिवसा काम होतं आणि संध्याकाळी सहानंतर तो माणूस लॉजवर नाहीतर स्टँडवर बसून असतो. आमच्या दुकानात असे गिऱ्हाईक येतात, एक टॉवेल घेतात आणि अर्धा तास बसतात, मी बसू देतो, कारण जाणार कुठं. हिंगोलीचे एक काका आले होते, बायको ॲडमिट होती, मला म्हणाले कुठं भजन असेल तर सांगा, दोन तास मन तरी लागंल. मला सांगता आलं नाही. त्या दिवशीबी शहरात कुठंतरी गाणं असणारच, मला खात्री आहे.

म्हणून पेपरातल्या चौकोनाबरोबर मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि पैठण गेट या तीन ठिकाणी एकेक साधा फळा लावावा. डिजिटल नको, तो महिन्याभरात बंद पडतो, खडूनं लिहायचा काळा फळा बास आहे. त्याच्यावर रोज लिहायचं, आज काय, कुठं, किती वाजता, तिकीट आहे का फुकट. म्युझियम कोणत्या दिवशी बंद तेबी लिहायचं. कार्यक्रम करणाऱ्यांनाबी हात जोडून सांगणं आहे, साडेसहा छापलं तर साडेसहाला पडदा उघडा, आठपर्यंत पाहुण्यांची वाट बघत भाषणं करू नका, कारण जालन्याच्या, पैठणच्या माणसाला शेवटची गाडी गाठायची असते आणि नाटकाचा दुसरा अंक अर्धा सोडून उठताना त्याला किती वाईट वाटतं ते मी बघितलंय. नाटक सुटल्यावर सिडको, हर्सूल, वाळूज या बाजूला एखादी सिटी बस मिळाली तर बायाबापड्यासुद्धा येतील, रात्री रिक्षाला जेवढे पैसे जातात त्यात दुसऱ्या नाटकाचं तिकीट येतं.

फळ्याचं महापालिकेनं बघावं, बसचंबी बघावं, त्याला वेळ लागेल हे मला कळतं. पण चौकोन तुमच्या हातात आहे साहेब. माहिती कोण गोळा करणार असं वाटत असेल तर मी तयार आहे. आमचं दुकान आठला बंद होतं, तापडिया, एकनाथ रंगमंदिर, स. भु., साहित्य परिषद एवढ्या ठिकाणचे बोर्ड सायकलवर फिरून वाचायला मला तासभर पुष्कळ झाला. नवाच्या सुमारास कागद तुमच्या ऑफिसात आणून देईन, अक्षर चांगलं आहे माझं, हिशोबाचं आहे.

भाची दर रविवारी फोन करते, मामा आता काय लागलंय. जानेवारीत एका शनिवार-रविवारी तिला आणायचं ठरलंय, दाजीबी येतो म्हणाले. तारीख अजून कळवलेली नाही, तुमच्या चौकोनात बघून कळवीन म्हणतो.

आपला,
एक नियमित वाचक
पैठण गेट, छत्रपती संभाजीनगर